सिस्टरांची ईको: सहा लाखांत एकटीने वर्षभर फिरायला कोणती गाडी?

साताऱ्यातल्या एका सरकारी रुग्णालयातून मे २०२३ मध्ये निवृत्त झालेल्या परिचारिकेचं हे प्रकरण. नाव देत नाही. अख्खी पेठ त्यांना सिस्टर म्हणते, मीही तेच म्हणेन. वय ५८, उंची पाच फूट एक इंच, डावा गुडघा कुरकुरणारा. लायसन्स एलएमव्हीचं, म्हणजे हलक्या मोटारीचं, आणि हात बसलेला तो दारातल्या २०१२ च्या अल्टोवर. लेक लग्न होऊन नाशिकला. निवृत्तीच्या पैशांतून सहा लाख त्यांनी बाजूला काढले होते आणि गाडी, आतलं काम, टायर, विमा, नावावर करणं असं सगळं त्यात बसवायचं होतं. पेट्रोल आणि खाणंपिणं पेन्शनीतून.

बेत असा: रात्री गाडीतच झोपायचं. आधी कोकण, गोवा, कर्नाटकचा किनारा करत केरळपर्यंत, आणि पुढच्या थंडीत गाडीने नर्मदा परिक्रमा. सोबत कोणी नाही. घाई नाही. परतायची तारीख नाही.

मी मोटार विम्याचा सर्वेअर. ठोकलेल्या, बुडालेल्या, जळालेल्या गाड्या बघून नुकसान लिहिणं हे माझं काम, त्यामुळे गाडी म्हटलं की मला आधी तिचा क्लेम दिसतो. सिस्टरांना गाडीत ओटा दिसत होता.

वहीतली यादी

पहिल्या भेटीत त्यांनी वही उघडली. उभं राहता येईल एवढी उंची, ओटा, सिंक, फ्रिज, बाथरूम, एसी. मोबाईलवर व्हिडिओ बघून केलेली यादी, हे उघड होतं. एका बॉडीवाल्याकडून कोटेशनही आणलेलं: जुनी फोर्स ट्रॅव्हलर तुम्ही आणा, आतलं काम साडेपाच लाखांत करून देतो. ट्रॅव्हलरच का, तर १०८ च्या रुग्णवाहिकेत त्यांनी अनेकदा पेशंट सोडले होते. आत ताठ उभं राहून सलाईन लावता येते, हे त्यांच्या मनात पक्कं बसलं होतं.

मी यादीवर काहीच बोललो नाही. एवढंच म्हटलं, “सिस्टर, पहिल्या तीस रात्री तुम्ही कुठे झोपणार, ते गावासकट लिहून आणा.”

हा प्रश्न मी कोणालाही विचारेन. गाडी दिवसा चालते आणि दिवसाचं काम अल्टोसुद्धा करते. व्हॅन लागते ती रात्रीसाठी. तेव्हा रात्री गाडी कोणाच्या दारात, कुठल्या आवारात, कुठल्या गल्लीत उभी राहणार यावरून तिची लांबी, रुंदी, उंची आणि दिसणं ठरतं. ओटा नंतर.

आठवड्याने आलेली यादी वाचून मी चाट पडलो. त्यात एकही रिसॉर्ट नव्हतं आणि ‘मोकळा समुद्रकिनारा’ असलं काही नव्हतं. निम्म्याहून जास्त रात्री ग्रामीण रुग्णालयं आणि प्राथमिक आरोग्य केंद्रांच्या आवारात होत्या. नोकरीत बदल्या होत राहतात, त्यामुळे बरोबर काम केलेल्या सिस्टर मंडणगडपासून सावंतवाडीपर्यंत पसरलेल्या. आवाराला कंपाउंड, रात्रभर दिवा, नळाला पाणी, संडास, ड्यूटीवर जागं माणूस. वैद्यकीय अधिकाऱ्यांना आधी फोन करून विचारायचं, नाही म्हणाले तर पुढे जायचं. केरळात तर त्यांच्याच वॉर्डात वर्षानुवर्षं काम करून निवृत्त झालेल्या दोन मल्याळी मैत्रिणी होत्या, एक कोट्टायमची. उरलेल्या रात्री देवस्थानांची भक्तनिवासं, हमरस्त्यावरचे मोठे पेट्रोल पंप आणि नर्मदेकाठचे आश्रम, जिथे परिक्रमावासीयांना जागा आणि सदावर्त मिळतं.

या यादीने अर्धा निकाल तिथेच लावला. संडास आणि पाणी बहुतेक ठिकाणी मिळणार होतं. लागणार होता तो पलंग, कारण गुडघ्यामुळे आश्रमाच्या फरशीवर झोपणं-उठणं त्यांना जमत नाही. शिवाय दार आतून लावता येईल अशी स्वतःची जागा हवी होती. आणि कोकणातल्या वाड्यांमधून, चिऱ्याच्या दोन गडग्यांमधल्या वाटेने गाडी आत घालायची होती.

ट्रॅव्हलर का नाही

पैशांचं गणित आधी. बऱ्या अवस्थेतल्या दहा-अकरा वर्षांच्या ट्रॅव्हलरला चार-साडेचार लाख सांगत होते. वर काम साडेपाच लाखांचं. बजेट तिथेच उडालं. पण समजा पैसे असते, तरी मी नकोच म्हटलं असतं, आणि त्याचं कारण कागदात आहे.

मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार, उत्पादकाने दिलेल्या तपशिलाशी आरसी, म्हणजे नोंदणीचं पुस्तक, जुळणार नाही असा बदल मालकाला परस्पर करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये हेच आणखी कडक शब्दांत सांगितलं. त्याच वर्षी कायद्यात १८२अ हे कलम आलं: मालकाने परवानगीशिवाय केलेल्या प्रत्येक बदलाला पाच हजार रुपये दंड, किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. आता कॅम्पर व्हॅन हा प्रकार आपल्याकडे बेकायदा आहे असं मुळीच नाही. खाजगी वापराची कॅम्पर व्हॅन हा नोंदणीचा स्वतंत्र वर्ग आहे, आणि मोटार कॅरॅव्हॅनसाठी एआयएस-१२४ नावाचं मानकही आहे. पण त्या वाटेने जायचं तर मंजुरी असलेल्या कारखान्यातून गाडी घ्यायची, आणि ती किंमत सहा लाखांच्या आसपाससुद्धा नाही. महाराष्ट्र सरकारने २०२१ मध्ये कॅरॅव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं, पण त्याचा रोख भाड्याने गाड्या चालवणारे आणि कॅरॅव्हॅन पार्क उभारणारे यांच्यावर आहे. एकट्या सिस्टरांना त्याचा काय उपयोग?

बॉडीवाल्याला मी फोनवर विचारलं, आरसीवर काय चढवून देणार? म्हणाला, “साहेब, कोण बघतंय?” मी बघतो. हेच माझं काम आहे. अपघातानंतर गाडी माझ्यासमोर येते, तेव्हा मी आरसी हातात घेऊन आसनं मोजतो. आत वेल्डिंग करून बसवलेली कपाटं, गॅसची पाइप, छताला पाडलेलं भोक असं काही दिसलं की ते रिपोर्टात जातं, आणि कंपनीला न कळवलेला बदल हे क्लेम अडवायचं सरळ कारण ठरतं. साडेचार लाखांची गाडी आणि साडेपाच लाखांचं काम अशा वेळी शून्यावर येतं.

त्यात जुनी ट्रॅव्हलर बहुतेक पिवळ्या पाटीची, म्हणजे व्यावसायिक नोंदीची. आठ वर्षांवरच्या व्यावसायिक गाडीला दरवर्षी फिटनेस तपासणी. पांढऱ्या, म्हणजे खाजगी पाटीवर आणायची तर आरटीओची परवानगी आणि कराचा फरक. लांबी पाच मीटरांहून जास्त. टाटा विंगरचंही थोड्याफार फरकाने हेच, फक्त ती पुढच्या चाकांवर चालते म्हणून फरशी खाली असते आणि चढायला सोपी. सिस्टरांनी एक ट्रॅव्हलर चालवून पाहिली. चालवली छान, घाबरल्या नाहीत. पण राजवाड्याजवळ मागे घेताना खाली उतरून दोनदा बघून आल्या आणि मुकाट्याने किल्ली परत केली.

लॉजचा हिशेब

व्हॅन घेणाऱ्याने हा हिशेब करायलाच हवा, आणि फार थोडे करतात. अल्टो दारात आहे. तिच्यातून फिरायचं आणि रोज आठशे रुपयांच्या लॉजवर उतरायचं. व्हॅन घेऊन दीड-दोन वर्षांनी विकली तर घसारा आणि आतलं काम मिळून दीड-पावणेदोन लाख जातात. म्हणजे साधारण दोनशे रात्री झाल्या की बरोबरी. त्याच्या आत परत यायचं असेल तर व्हॅन हा तोट्याचा सौदा आहे, मग व्हिडिओत काही का दाखवेनात.

सिस्टरांचं उत्तर असं होतं: “भाऊ, एकटी बाई लॉजच्या काउंटरवर उभी राहिली की चार प्रश्न जास्त विचारतात. चादर मी हॉस्पिटलात आयुष्यभर तपासली, आता रोज लॉजात तपासायची का?” हे रुपयांत मांडता येत नाही. दोनशे रात्री आपण नक्की ओलांडू, असंही त्या म्हणाल्या. तेव्हा व्हॅनच, पण अधूनमधून लॉज असणार हे धरून. बाथरूम, गिझर आणि एसी हे तिघे यादीतून तिथे गेले.

ओम्नी की ईको

मारुतीच्या ओम्नी व्हॅनचा मोह मलाही झाला, खोटं कशाला बोलू. लाख-सव्वा लाखात गाडी, ७९६ सीसीचं इंजिन, कुठल्याही तालुक्याला स्पेअर पार्ट, कुठल्याही मिस्त्रीला ती डोळे मिटून उघडता येते. बजेटात पाच लाख शिल्लक राहिले असते. पण २०१९ मध्ये तिचं उत्पादन थांबलं, आणि बाजारात त्या भावात मिळतात त्या २००८-१० च्या. पंधरा वर्षं भरली की फेरनोंदणी, जिची चारचाकीची फी एप्रिल २०२२ पासून ६०० वरून ५,००० झाली, आणि वर पर्यावरण कर. दोन ओम्नी पाहिल्या. दोन्हींच्या सरकत्या दाराखालचा पत्रा स्क्रूड्रायव्हर टेकवताच आत गेला.

ईको म्हणजे मारुतीचीच, २०१० मध्ये आलेली, त्यांच्या जुन्या व्हर्सा गाडीवरून बेतलेली व्हॅन. लांबी ३,६७५ मिलिमीटर, म्हणजे वॅगन-आरएवढीच. दोन्ही बाजूंना सरकती दारं, त्यामुळे भिंतीला चिकटून उभी केली तरी उतरता येतं. आरोग्य केंद्राच्या आवारात ती उभी असली तर कोणी दुसऱ्यांदा बघणार नाही, कारण तशाच दोन तिथे आधीच असतात. एकट्या बाईच्या गाडीने रात्री उठून दिसू नये, हा गुण कुठल्याही माहितीपत्रकात सापडायचा नाही.

तिचे दोषही कमी नाहीत, आणि ते मी सिस्टरांना नीट सांगितले. २०१६ मध्ये ग्लोबल एनकॅप या संस्थेच्या, गाडी आपटून पाहण्याच्या चाचणीत एअरबॅग नसलेल्या ईकोला शून्य तारे मिळाले. समोरचं बोनेट अगदी आखूड. इंजिन सीटखाली, लांब घाटात बुडाला ऊब लागते. पॉवर स्टीअरिंग नाही. २०१९ च्या मध्यापासून मात्र चालकाची एअरबॅग आणि ब्रेक दाबल्यावर चाकं जाम होऊ न देणारं एबीएस आले. म्हणून अट ठरली: त्यानंतर बनलेलीच गाडी, भले तीस-चाळीस हजार जास्त जावोत. दुसरी अट सिस्टरांसाठी: साठ-सत्तरच्या वर जायचं नाही आणि अंधारात चालवायचं नाही. रात्रपाळी संपली, असं त्याच म्हणाल्या.

स्टीअरिंगची परीक्षा यवतेश्वरचा घाट चढून कासपर्यंत जाऊन घेतली. चालताना जड वाटत नव्हतं. उभ्या गाडीत चाक फिरवताना खांदा बोलला. उपाय सोपा आहे, गाडी किंचित हलती ठेवून मगच चाक वळवायचं. दिवसभरात त्यांना ते जमलं.

सीएनजीचा प्रश्न सगळे विचारतात. किलोमीटरमागे खर्च बराच कमी, मग का नको? कारण पाच सीटरमध्ये ती टाकी मागे आडवी बसते, नेमकी जिथे पाय पसरायचे तिथे. अंथरूण की इंधन, यात मी अंथरुणाच्या बाजूने आहे.

बुडालेली गाडी

नवी ईको तेव्हा सव्वापाच लाखांच्या आसपासच्या एक्स-शोरूम किमतीपासून होती. रस्त्यावर येईपर्यंत सहा लाख सरले असते, म्हणून सेकंडहँड.

पहिली शाळेची गाडी निघाली. सीट नव्या, पण आरसीवर व्यावसायिक नोंद. सोडली. दुसरी सांगलीकडची, २०२० ची, चकचकीत, बाजारभावापेक्षा साठ हजारांनी खाली. सिस्टर खूश. मी पुढच्या सीटचा बेल्ट धरून शेवटपर्यंत ओढून काढला. वरचा दीड हात काळाभोर, त्याखाली पट्ट्यावर आडवी मातकट रेघ, आणि रीळमधून शेवटचा भाग येताना बारीक करकर. बेल्ट कोणी धुवत नाही. लोक गाडी पॉलिश करतात, मॅट बदलतात, आत अत्तर मारतात, पण बेल्ट रीळमध्ये गुंडाळलेला असतो आणि पुराचं पाणी कुठपर्यंत आलं ते तो जपून ठेवतो. मग सीटचे बोल्ट पाहिले, गंजलेले. डॅशखाली हात घालून वायरिंगचा सॉकेट सोडवला तर आत हिरवट पूड. जुलै २०२१ च्या पुरात कोल्हापूर-सांगलीकडे बुडालेल्या कितीतरी गाड्यांचे मी रिपोर्ट लिहिलेत. त्यातल्या काही टोटल लॉस, म्हणजे दुरुस्ती परवडणार नाही अशा ठरून भंगाराच्या भावात विकल्या जातात आणि वर्ष-दोन वर्षांनी अशा नटूनथटून बाजारात येतात. इंजिन चालतं. दगा देते ती वायरिंग, तीही पाऊस पडत असताना, अनोळखी गावात. विकणाऱ्याला काही बोललो नाही, चहा घेतला आणि निघालो.

तिसरी वाईतली. पूजासाहित्याच्या दुकानाची, नोव्हेंबर २०१९ ची, पेट्रोल, एसी, पाच सीटर, ४१ हजार किलोमीटर. बेल्ट स्वच्छ. एमपरिवहन या सरकारी ॲपवर विमा, पीयूसी, बोजा, चलान सगळं तपासलं. हेल्मेट नसल्याबद्दल चारचाकीवर एक चलान होतं, नंबर वाचण्यातली चूक असणार, ते मालकाने मिटवून घेतलं. गाडी उचलून प्रोपेलर शाफ्टचे क्रॉस हलवून पाहिले, डिफरन्शियलचं तेल पाहिलं. मागच्या दाराच्या रबराखाली थोडा गंज. तीन लाख ६२ हजारांत सौदा झाला.

आतलं काम

सुताराने आधी एकोणीस मिलिमीटर प्लाय, लॅमिनेट आणि तीन ड्रॉवर असा आराखडा दिला. आठ बाय चारची बारा मिलिमीटरची शीटच वीसेक किलो भरते, त्याचा हा बेत शंभराच्या वर गेला असता. त्याऐवजी ऑफिसच्या पार्टिशनला वापरतात त्या ॲल्युमिनियम सेक्शनची चौकट, वर बारा मिलिमीटर प्लाय, वर चार इंच फोम.

उंची ठरवायला विटा वापरल्या. ईकोच्या आत फरशीपासून छतापर्यंत चार फुटांच्या थोडं वर. खाली डबे मावावेत म्हणून सुतार चौदा इंच म्हणत होता. गाडीत विटा रचल्या, वर फळी, वर फोम टाकला आणि सिस्टरांना बसवलं. डोकं छताला. एकेक थर काढत गेलो. दहा इंचांवर त्या ताठ बसल्या, केस विंचरून दाखवले, पाय खाली सोडून उठूनही दाखवलं. दहा इंच. ड्रॉवर गेले, त्या जागी बाजारात मिळणारे झाकणाचे प्लास्टिकचे क्रेट आले. पलंगाची लांबी पुढच्या सीटमागे साडेपाच फूट, त्यांना पुरते. पावणेसहा फुटी माणसाने ही गाडी घेऊ नये, किंवा पाय दुमडून झोपायची सवय करावी.

मागच्या बाकड्याचं काय? ते बोल्टवर बसतं आणि पान्याने निघतं, पण काढलं की आरसीवरची पाच आसनं जुळत नाहीत. यावर मी त्यांना गोड उत्तर दिलं नाही. कायद्यात ‘तात्पुरतं काढलं’ अशी पळवाट लिहिलेली नाही, दंडाची जोखीम राहते. आम्ही ठरवलं ते असं: वेल्डिंग नाही, पत्र्याला एकही भोक नाही, तासाभरात बाकडं परत बसेल असंच काम. विमा कंपनीला बदलाचं पत्र देऊन पोच घेतली, बॅटरी वगैरे वेगळ्या प्रीमियमवर विद्युत उपकरणं म्हणून पॉलिसीत चढवली. बाकडं लेकीकडे. जोखीम संपली नाही, पण सिस्टरांनी ती समजून-उमजून पत्करली.

विजेचा हिशेब कागदावर केला की बऱ्याच चैनी आपोआप गळतात. बारा व्होल्टचा पंखा दहा वॅटचा, रात्रीचे नऊ तास धरले तर ९० वॅट-तास. दिवे २०, फोन ३०. रोजचे १४०. चाळीस अँपिअर-तासाची लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरी ५१२ वॅट-तास देते, म्हणजे तीन रात्री निवांत. चार्जिंग चालत्या गाडीवर, शिवाय १०० वॅटचं घडीचं पॅनल. इंडक्शन लावा म्हणणाऱ्यांनी एवढंच बघावं: बाराशे वॅटची शेगडी वीस मिनिटं चालली की ४०० वॅट-तास गेले. कुकरभर भातात बॅटरी आटपली.

म्हणून गॅस. घरचा लाल सिलिंडर नाही. पाच किलोचा, इंडियन ऑइलच्या पंपावर ओळखपत्र दाखवून मिळतो तो ‘छोटू’. स्वयंपाक कायम बाहेर, मागचं दार वर उचलून त्याच्या सावलीत. बंद गाडीत शेगडी पेटवायची नाही आणि एसीसाठी इंजिन चालू ठेवून झोपायचं नाही, हे मी सांगायला गेलो तर सिस्टरच म्हणाल्या, “कार्बन मोनॉक्साईडची बॉडी मी पाहिलीय. गुलाबी दिसते.” विषय संपला.

काळ्या फिल्मचा हट्ट कोणीतरी त्यांच्या डोक्यात घातला होता. २०१२ पासून त्यावर बंदी आहे. काचेच्या मापाचे चंदेरी फोमचे तुकडे कापले, रात्री लावायचे, सकाळी काढायचे. सरकत्या दाराला वेल्क्रोची मच्छरदाणी. पाण्याला वीस लिटरचा जार नाही, तो उचलताना कंबर जाते. पाच लिटरचे सहा कॅन.

आणि संडास. व्हिडिओतले लोक ओट्यावर दहा मिनिटं बोलतात आणि यावर गप्प असतात. रात्री दोन वाजता दुखऱ्या गुडघ्याने आवार ओलांडून जाण्यापेक्षा आत सोय हवी. केमिकल टॉयलेट बघून झालं, महाग. शेवटी सिस्टरांनी सर्जिकलच्या दुकानातून घडीची कमोड खुर्ची आणली, पेशंटला वापरतात तीच, खाली झाकणाचं भांडं. दिवसा तीच खुर्ची बाहेर बसायला. या प्रकरणातली सगळ्यात अक्कलहुशारीची खरेदी ती, आणि माझा तिच्यात काडीचा वाटा नाही.

नाव लावणं, विमा, चार टायर, सर्व्हिसिंग आणि आतलं काम धरून आकडा चार लाख ६४ हजारांच्या आसपास गेला. उरलेले एक लाख ३६ हजार बँकेतच ठेवले, गाडीच्या दुखण्यासाठी.

पुढे काय झालं

जानेवारी २०२४ मध्ये संक्रांत करून त्या निघाल्या. कोकणात ठरल्याप्रमाणे झालं: गुहागरकडे एका वाडीत त्यांनी मला फोटो पाठवला, गाडी आणि गडगा यांच्यात वीतभर जागा. दोन ठिकाणी डॉक्टरांनी नाही म्हटलं, त्या पंपावर झोपल्या. महिन्याला हजार-अकराशे किलोमीटर, लिटरला चौदा-पंधरा, पेट्रोल आठ हजारांच्या आत.

केरळात मार्चमध्ये हिशेब चुकला. पंख्याने दमट हवा नुसती ढवळली जाते. कोट्टायमच्या मैत्रिणीकडे मुक्काम लांबला आणि पुढच्या बऱ्याच रात्री एसी लॉजवर गेल्या. व्हॅनमध्ये राहून भारतात वर्षभर सलग फिरता येतं, हे मला तरी पटत नाही. मार्च ते मे मैदानात आणि किनाऱ्यावर पत्र्याच्या डब्यात माणूस झोपू शकत नाही, आणि पावसात मच्छरदाणीसकट दार उघडं ठेवता येत नाही. मेमध्ये त्या घरी आल्या, पावसाळा गाडी दारात झाकून ठेवली.

कार्तिकी झाल्यावर ओंकारेश्वरहून परिक्रमा उचलली. नदी उजव्या हाताला ठेवायची, ओलांडायची नाही. आश्रमांत गाडी आत घ्यायला कोणी अडवलं नाही. काही ठिकाणी सिस्टर आल्यात म्हटल्यावर पायी परिक्रमावासीयांच्या पायांच्या फोडांची रांग लागली, आणि पलंगाखालचा एक क्रेट कायमचा ड्रेसिंगच्या सामानाचा झाला. थंडीचा वेगळा त्रास: अमरकंटककडे सकाळी काचा आतून ओल्या, फोमची खालची बाजू दमट. आता फोमखाली प्लायला भोकं पाडलीत, हवा खेळते.

परत आल्यावर गाडी माझ्या ओळखीच्या गॅरेजला नेली. क्लच प्लेट संपत आली होती, या किलोमीटरला संपणारच. ती बदलली, पुढचे ब्रेक पॅड बदलले, बँकेतल्या एक लाख ३६ हजारांतून पहिल्यांदाच मोठी रक्कम गेली. पॉलिसी रिन्यू करताना आयडीव्ही, म्हणजे विम्यासाठी धरलेली गाडीची किंमत, कमी लागली म्हणून सिस्टर एजंटशी भांडल्या. गाडी विकायची का, असं विचारलं तर म्हणाल्या, सध्या नाही, ओडिशा राहिलंय, तिथे ओळखीचं कोण आहे ते बघतेय.